विविक्त संभाव्यता वितरणांवरील शाब्दिक उदाहरणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाब्दिक उदाहरण हाती आल्यावर सर्वांत आधी काय करावे?

यादृच्छिक चल, म्हणजे जिची किंमत योगायोगावर अवलंबून असते ती राशी, पूर्ण वाक्यात लिहून काढावा. सूत्र शोधण्याची घाई या टप्प्यावर करू नये, कारण बहुतेक चुका सूत्रात होत नाहीत, तर आपण नेमके काय मोजत आहोत हे न ठरवताच आकडे भरायला सुरुवात केल्याने होतात. 'क्ष = सदोष बल्ब' एवढे लिहून भागत नाही. 'क्ष म्हणजे निवडलेल्या १० बल्बांपैकी सदोष निघणाऱ्या बल्बांची संख्या' असे लिहिले, तर त्या एका वाक्यातून तीन गोष्टी कळतात : क्ष ही संख्या आहे, ती ० ते १० यांपैकी कोणतीही पूर्णांक किंमत घेऊ शकते आणि तिची वरची मर्यादा निवडीच्या संख्येने ठरते. यानंतर क्षच्या शक्य किमती ओळीने मांडाव्यात आणि प्रश्नात विचारलेली घटना त्या किमतींच्या भाषेत लिहावी. एवढे झाले की कोणते वितरण (म्हणजे क्षच्या किमती व त्यांच्या संभाव्यता यांची मांडणी) लागू होते हे बहुधा आपोआप दिसू लागते. ते दिसले नाही, तर उदाहरण पुन्हा वाचावे, सूत्रांची यादी चाळू नये.

चल विविक्त आहे की संतत, हे कसे ओळखावे?

किमती एकेक करून मोजता येत असतील, तर चल विविक्त असतो. मोजणी कधी संपली नाही तरी चालते : पहिला सहा पडेपर्यंत फासा किती वेळा टाकावा लागेल, या संख्येला वरची मर्यादा नाही, तरीही तो चल विविक्तच आहे. बल्ब किती तास टिकेल हा संतत चल झाला, पण त्याच बल्बांपैकी हजार तासांच्या आत किती बंद पडतील हा विविक्त चल आहे. एकाच प्रसंगावर दोन्ही प्रकारचे प्रश्न बेतता येतात, त्यामुळे प्रसंगाकडे न पाहता विचारलेल्या राशीकडे पाहावे.

उदाहरण कोणत्याही ओळखीच्या वितरणात बसत नसेल तर काय करावे?

तक्ता करावा. नाव असलेली वितरणे ही नेहमी भेटणाऱ्या तक्त्यांची तयार सूत्रे आहेत, आणि सूत्र नसले तरी तक्ता करता येतोच. समजा, दोन फासे टाकले आणि क्ष म्हणजे पडलेल्या दोन अंकांपैकी मोठा अंक (दोन्ही सारखे असल्यास तोच अंक). नमुना अवकाशात, म्हणजे सर्व शक्य निष्पत्तींच्या संचात, ३६ समसंभाव्य निष्पत्ती आहेत. क्ष = ३ होण्यासाठी दोन्ही अंक ३ किंवा त्याहून लहान असले पाहिजेत, म्हणजे ९ निष्पत्ती, आणि त्यांतून दोन्ही अंक २ किंवा लहान असण्याच्या ४ निष्पत्ती वगळल्या की ५ उरतात. याच रीतीने १ ते ६ या किमतींसाठी अनुक्रमे १, ३, ५, ७, ९ आणि ११ निष्पत्ती मिळतात, ज्यांची बेरीज ३६ येते. अपेक्षित मूल्य, म्हणजे प्रत्येक किंमत तिच्या संभाव्यतेने गुणून केलेली बेरीज, १६१/३६, म्हणजे सुमारे ४.४७ आहे.

या उदाहरणातील युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. 'मोठा अंक नेमका ३' हे थेट मोजणे किचकट असते, तर 'मोठा अंक ३ किंवा त्याहून कमी' हे मोजणे सोपे असते. त्यामुळे संचयी संभाव्यता आधी काढून लगतच्या दोन संचयी संभाव्यतांची वजाबाकी करावी.

तक्त्यातील संभाव्यतांमध्ये अज्ञात स्थिरांक दिला असेल तर?

सर्व संभाव्यतांची बेरीज १ असते, या एका अटीवर स्थिरांक सुटतो. समजा, क्षच्या ०, १, २, ३ या किमतींच्या संभाव्यता अनुक्रमे क, क च्या वर्गाची दुप्पट, २क आणि पुन्हा क च्या वर्गाची दुप्पट आहेत. बेरीज १ शी जुळवली की वर्गसमीकरण मिळते आणि त्यातून क = १/४ किंवा क = –१ ही दोन उत्तरे निघतात. यांपैकी दुसरे टाकून द्यावे लागते, कारण संभाव्यता ऋण असू शकत नाही. हे कारण उत्तरपत्रिकेत लिहिणे आवश्यक आहे, नुसती काट मारणे पुरेसे नाही. आता संभाव्यता १/४, १/८, १/२ आणि १/८ झाल्या. मध्य (म्हणजेच अपेक्षित मूल्य) १.५, क्षच्या वर्गाचे अपेक्षित मूल्य ३.२५, आणि म्हणून प्रचरण, म्हणजे किमतींच्या विखुरण्याचे माप (वर्गाच्या अपेक्षित मूल्यातून मध्याचा वर्ग वजा), ३.२५ – २.२५ = १ येते.

कोणते वितरण वापरायचे हे ठरवण्याची खात्रीची रीत कोणती?

उदाहरणात काय ठरलेले आहे आणि काय मोजले जात आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. प्रयत्नांची संख्या आधीच ठरलेली असून त्यांतील यशांची संख्या मोजायची असेल आणि यशाची संभाव्यता दर वेळी तीच राहत असेल, तर द्विपद वितरण लागू होते. यशांची संख्या ठरलेली असून तिथवर पोहोचायला लागणारे प्रयत्न मोजायचे असतील, तर एका यशासाठी जॉमेट्रिक आणि अनेक यशांसाठी ऋण द्विपद वितरण येते. मर्यादित साठ्यातून परत न ठेवता निवड होत असेल, तर हायपरजॉमेट्रिक. आणि प्रयत्न असे काही नसून ठरलेल्या कालावधीत, लांबीत किंवा क्षेत्रफळात घडणाऱ्या घटना मोजायच्या असतील, तर प्वासाँ वितरणाचा विचार करावा.

उदाहरणातील वस्तूंवरून वितरण ओळखण्याची सवय मात्र सोडावी. फासा आला म्हणजे द्विपद आणि दूरध्वनी आला म्हणजे प्वासाँ, असे काही नसते. 'फासा १० वेळा टाकला असता किती वेळा सहा पडेल' हे द्विपद आहे, तर 'सहा पडेपर्यंत फासा टाकत राहिल्यास किती वेळा टाकावा लागेल' हे जॉमेट्रिक आहे. फासा तोच, बदलले ते फक्त मोजमाप.

द्विपद वितरणाच्या अटी प्रत्यक्ष उदाहरणात कशा तपासाव्यात?

अटी चार आहेत : प्रयत्नांची संख्या निश्चित, प्रत्येक प्रयत्नाच्या दोनच निष्पत्ती, प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र, आणि यशाची संभाव्यता सर्व प्रयत्नांत समान. पहिल्या दोन अटी वाचताक्षणी कळतात. तिसरीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सलग सात दिवसांपैकी पावसाचे दिवस किती, या प्रश्नात प्रयत्न सात आहेत आणि निष्पत्ती दोनच आहेत, परंतु आज पाऊस पडला असेल तर उद्याही पडण्याची संभाव्यता साधारणपणे बदलते, त्यामुळे उदाहरणात स्वातंत्र्य गृहीत धरण्यास सांगितले नसेल तर द्विपद सूत्र लावणे योग्य नाही.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एका यंत्रावर तयार होणाऱ्या बल्बांपैकी ५ टक्के सदोष असतात आणि एका बल्बचा दोष दुसऱ्यावर अवलंबून नसतो. १० बल्ब तपासले, तर किमान दोन सदोष निघण्याची संभाव्यता किती? येथे 'यश' म्हणजे सदोष बल्ब. हा शब्द विद्यार्थ्यांना खटकतो, पण गणितात यश म्हणजे आपण मोजत असलेली निष्पत्ती, ती चांगली असण्याचा संबंध नाही. एकही सदोष नसण्याची संभाव्यता म्हणजे ०.९५ चा दहावा घात, अर्थात ०.५९८७. नेमका एक सदोष असण्याची संभाव्यता १० × ०.०५ × (०.९५ चा नववा घात), अर्थात ०.३१५१. या दोहोंची बेरीज १ मधून वजा केली की ०.०८६१ हे उत्तर मिळते.

मधल्या पदातील १० हा गुणक गाळण्याची चूक अगदी नेहमीची आहे. सदोष बल्ब पहिला असेल, दुसरा असेल किंवा दहावा असेल. हे दहा वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाची संभाव्यता सारखी आहे, म्हणून तो गुणक येतो. तो कशासाठी आहे हे कळले की पाठ करावा लागत नाही.

'किमान', 'जास्तीत जास्त', 'पेक्षा अधिक' यांत गोंधळ होतो. तो कसा टाळावा?

विविक्त चलांच्या बाबतीत हा गोंधळ महागात पडतो, कारण येथे प्रत्येक किमतीला स्वतःची संभाव्यता असते आणि सीमेवरची एक किंमत सुटली तरी उत्तर बदलते. किमान ३ म्हणजे ३, ४, ५ आणि पुढे. ३ पेक्षा अधिक म्हणजे ४ पासून पुढे. जास्तीत जास्त ३ म्हणजे ०, १, २, ३. ३ पेक्षा कमी म्हणजे ०, १, २. खात्रीसाठी किमतींची पट्टी कागदावर लिहून हव्या त्या किमतींना गोल करावा. उरलेल्या किमती कमी असतील, तर पूरक घटनेची संभाव्यता काढून ती १ मधून वजा करावी. 'किमान ३' ची पूरक घटना 'जास्तीत जास्त २' आहे, 'जास्तीत जास्त ३' नव्हे, हे पट्टीवर लगेच दिसते.

'एक तरी' असे विचारले असता संभाव्यतांची नुसती बेरीज का चालत नाही?

कारण एकाहून अधिक वेळा यश मिळण्याच्या निष्पत्ती त्या बेरजेत पुन्हा पुन्हा मोजल्या जातात. हा प्रश्न संभाव्यता सिद्धान्ताइतकाच जुना आहे. १६५४ साली फ्रेंच गणितज्ञ पास्काल यांनी दुसरे गणितज्ञ फर्मा यांना लिहिलेल्या पत्रात जुगाराची आवड असलेल्या शेव्हालिए द मेरे यांच्या अडचणीचा उल्लेख येतो. एक फासा चार वेळा टाकला असता एक तरी सहा पडण्याची बाजू ६७१ विरुद्ध ६२५ अशी अनुकूल असते, म्हणजे संभाव्यता ६७१/१२९६, सुमारे ०.५१७७. मग दोन फासे २४ वेळा टाकले असता एकदा तरी दोन्ही सहा पडण्याची बाजूही अनुकूलच असायला हवी, असे वाटते, कारण ४ चे ६ शी जे गुणोत्तर आहे तेच २४ चे ३६ शी आहे. प्रत्यक्षात १ मधून ३५/३६ चा चोविसावा घात वजा केला की ०.४९१४ मिळते, जे निम्म्याहून कमी आहे. २५ वेळा टाकल्यास मात्र ते ०.५०५५ होते. संभाव्यता प्रयत्नांच्या प्रमाणात वाढत नाही, ही गोष्ट इतक्या थोड्या आकड्यांत दाखवणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण आहे.

याच प्रकारात 'किती प्रयत्न केले असता एक तरी यश मिळण्याची संभाव्यता किमान ०.९ होईल' असेही विचारतात. फाशावरील सहासाठी ५/६ चा घात ०.१ किंवा त्याहून कमी व्हायला हवा. बाराव्या घाताची किंमत ०.११२२ आणि तेराव्याची ०.०९३५ आहे, म्हणून उत्तर १३. लॉगॅरिदम वापरून सोडवताना ५/६ चा लॉग ऋण असल्यामुळे भागाकार करताना असमानतेचे चिन्ह उलटते, याकडे लक्ष द्यावे.

वस्तू परत ठेवली किंवा नाही ठेवली, याने उत्तरात खरोखर किती फरक पडतो?

तो साठ्याच्या आकारावर अवलंबून आहे. २० सुट्या भागांपैकी ४ सदोष आहेत आणि त्यांतून ५ भाग परत न ठेवता निवडले. नेमका एक सदोष असण्यासाठी ४ सदोषांतून १ निवडण्याचे ४ प्रकार आणि १६ निर्दोषांतून ४ निवडण्याचे १८२० प्रकार आहेत, तर २० मधून कोणतेही ५ निवडण्याचे १५,५०४ प्रकार आहेत. ७२८० भागिले १५,५०४ म्हणजे ०.४६९६. प्रत्येक भाग तपासून परत ठेवला असता, तर द्विपद सूत्राने ५ × ०.२ × (०.८ चा चौथा घात), म्हणजे ०.४०९६ आले असते. हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तेच प्रमाण ठेवून २००० भागांत ४०० सदोष असते, तर पाच भाग काढल्याने उरलेल्या साठ्यातील प्रमाण जवळपास बदलत नाही आणि दोन्ही उत्तरे जवळजवळ सारखी येतात. म्हणून 'मोठ्या उत्पादनातून' किंवा 'इतके टक्के सदोष' अशी शब्दरचना असेल, तर द्विपद वितरण गृहीत धरावे, आणि साठ्यातील वस्तूंची छोटी, नेमकी संख्या दिली असेल, तर हायपरजॉमेट्रिक.

जॉमेट्रिक वितरणाची दोन वेगवेगळी सूत्रे आढळतात. बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर आहेत, कारण त्यांत मोजलेली राशी वेगळी आहे. काही पुस्तके पहिले यश मिळेपर्यंतचे एकूण प्रयत्न मोजतात, जे १ पासून सुरू होतात, तर काही पहिल्या यशाआधीची अपयशे मोजतात, जी ० पासून सुरू होतात. फाशावर सहा येण्यासाठी पहिल्या व्याख्येने मध्य ६ आणि दुसरीने ५ येतो. प्रचरण दोन्हीकडे ३० च असते, कारण सर्व किमती एकाने सरकवल्याने विखुरणे बदलत नाही. पहिला सहा चौथ्या फेकीला पडण्याची संभाव्यता १२५/१२९६, म्हणजे सुमारे ०.०९६५ आहे, आणि ती कोणत्याही व्याख्येने तेवढीच येते.

दहा फेकींत सहा पडला नाही, म्हणून अकराव्या फेकीला तो पडण्याची संभाव्यता वाढते का, असेही विचारले जाते. नाही, ती १/६ च राहते.

प्वासाँच्या उदाहरणात दिलेली सरासरी जशीच्या तशी वापरावी का?

प्रश्नातील कालावधी आणि सरासरीचा कालावधी एकच असेल तरच. मदतकेंद्रावर तासाला सरासरी ६ दूरध्वनी येतात आणि प्रश्न २० मिनिटांत नेमके दोन येण्याचा आहे, तर लॅम्डा (प्वासाँ सूत्रातील सरासरी) ६ नव्हे, २ आहे. त्यानुसार उत्तर ०.२७०७ येते. ६ तसेच ठेवले असते, तर ०.०४४६ आले असते, म्हणजे सहापटीने चुकीचे. लॅम्डाची किंमत लिहिताना शेजारी 'दर २० मिनिटांस' असे एकक लिहिण्याची सवय लावली, तर ही चूक होत नाही.

हे वितरण प्वासाँ यांनी १८३७ साली मांडले, पण त्याची ताकद दिसली ती १८९८ साली, संख्याशास्त्रज्ञ बोर्टकिएविच यांनी प्रशियाच्या सैन्यातील घोड्यांच्या लाथेने झालेल्या मृत्यूंची नोंद अभ्यासली तेव्हा. दहा कोर (सैन्याचे मोठे विभाग) आणि वीस वर्षे मिळून २०० नोंदी होत्या आणि एकूण मृत्यू १२२, म्हणजे लॅम्डा ०.६१. एकही मृत्यू नसलेल्या नोंदी १०९ होत्या, एक मृत्यूच्या ६५, दोनच्या २२, तीनच्या ३ आणि चारची १. सूत्राने अपेक्षित संख्या अनुक्रमे सुमारे १०८.७, ६६.३, २०.२, ४.१ आणि ०.६ येतात. हा तक्ता प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घटना विरळ व एकमेकींपासून स्वतंत्र असल्या की फक्त एका सरासरीवरून संपूर्ण वितरण उभे राहते, हे त्यातून पटते.

द्विपदाऐवजी प्वासाँ कधी वापरता येते?

प्रयत्न पुष्कळ आणि यशाची संभाव्यता अगदी लहान असेल तेव्हा. १००० भागांपैकी प्रत्येक भाग सदोष असण्याची संभाव्यता ०.००२ असेल, तर एकही सदोष नसण्याची संभाव्यता द्विपद सूत्राने ०.१३५१ आणि लॅम्डा २ घेऊन प्वासाँ सूत्राने ०.१३५३ येते.

'… असे दिले असता' अशी अट जोडलेली असेल तर?

अट ही नवा नमुना अवकाश ठरवते, म्हणून अटीची संभाव्यता छेदात जाते. वरील बल्बांच्या उदाहरणात एक तरी बल्ब सदोष आहे हे कळले, तर नेमका एकच सदोष असण्याची संभाव्यता ०.३१५१ भागिले ०.४०१३ (१ – ०.५९८७), म्हणजे सुमारे ०.७८५. येथे अंशात 'नेमका एक आणि एक तरी' या दोन्ही घटना एकत्र घडण्याची संभाव्यता असते. पहिली घटना दुसरीत सामावलेली असल्यामुळे ती केवळ पहिलीचीच संभाव्यता उरते. त्या दोन संभाव्यतांचा गुणाकार करणे ही चूक आहे, कारण त्या घटना स्वतंत्र नाहीत.

अपेक्षित मूल्य अपूर्णांकात आले तर पूर्णांकात बदलावे का?

बदलू नये. अपेक्षित मूल्य ही दीर्घकालीन सरासरी आहे, चलाची शक्य किंमत नव्हे. १० बल्बांतील सदोष बल्बांचे अपेक्षित मूल्य ०.५ आहे. अर्धा बल्ब सदोष नसतो, पण अशा अनेक दहा-दहांच्या गटांची सरासरी ०.५ च्या आसपास राहते. खेळांवरील उदाहरणांत हाच आकडा निर्णायक ठरतो. फाशावर सहा पडल्यास १० गुण मिळतात, पाच पडल्यास ४ मिळतात आणि अन्यथा ३ गुण जातात, तर अपेक्षित मूल्य (१० + ४ – १२)/६ = १/३ गुण. ते शून्य नाही, म्हणून खेळ समन्यायी नाही, तो खेळणाऱ्याच्या बाजूने झुकलेला आहे. जाणारे गुण ऋण चिन्हाने लिहायला विसरल्यास येथे सगळे उत्तर उलटे होते.

उत्तर बरोबर आहे की नाही, हे उत्तरसूची न पाहता कसे पडताळावे?

पहिली पडताळणी ढोबळ आहे : संभाव्यता ० ते १ च्या दरम्यान असावी आणि प्रचरण ऋण नसावे. दुसरी अधिक उपयोगी आहे. मध्य काढून पाहावा आणि विचारलेली किंमत त्याच्यापासून किती दूर आहे ते बघावे. द्विपद उदाहरणात मध्य ०.५ आणि प्रमाण विचलन (प्रचरणाचे वर्गमूळ) सुमारे ०.६९ असताना 'किमान पाच सदोष' ची संभाव्यता ०.४ आली, तर कुठेतरी पूरक घटना उलटी घेतली गेली आहे. तिसरी पडताळणी श्रमाची, पण निर्णायक : किमती थोड्या असतील तर सर्वांच्या संभाव्यता काढून बेरीज करावी. ती १ आली नाही, तर बहुधा निवडीचा गुणक किंवा एखादी किंमत सुटलेली असते. बेरीज ०.९९९९ किंवा १.०००१ येणे ही चूक नाही. तो दशांश तोडल्याचा परिणाम असतो, आणि तो टाळायचा असेल तर मधल्या पायऱ्यांत किमान सहा दशांश स्थळे ठेवून फक्त अंतिम उत्तर चार स्थळांपर्यंत लिहावे.